ओसरीवरचें शास्त्र : घागर, घंगाळ आणि भूकंप

वाचकहो, आजच्या लेखाची सुरुवात एका मोरीपासून करावयाची आहे. शास्त्राच्या सदरांत मोरी कशी आली म्हणून कोणीं नाक मुरडूं नये. थोर थोर सिद्धांतांचे दाखले मोरींत आणि माजघरांत रोज घडत असतात. ते पाहण्याची दृष्टि तेवढी आपणांस नसते.

ता. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेच्या खोऱ्यांतील आमच्या जुन्या वाड्यांत मी आजीच्या कुशींत निजलों होतों. वय वर्षें आठ. वेळ चार वाजून एकवीस मिनिटांची होती, हें पुढें वाचून कळलें. मला आठवतो तो केवळ जमिनीच्या पोटांतून आलेला घोघावता आवाज आणि त्यामागोमाग माजघरांतील उतरंड कोसळल्याचा खळखळाट. अण्णांनीं आम्हां मुलांना अक्षरशः उचलून अंगणांत आणलें. कोयनानगरांत त्या पहाटे सुमारें १८० माणसें दगावलीं आणि कोयनेच्या धरणासहि भेगा पडल्या. आमच्या वाड्याची एक भिंत गेली. माणसें ईश्वरकृपेनें वांचलीं.

उजाडल्यावर आजी कोणाचें न ऐकतां आंत गेली. मोरींत रात्रीं भरून ठेवलेलीं दोन भांडीं होतीं. एक तांब्याचें पसरट घंगाळ आणि दुसरी चुंबळीवर बसविलेली, गळ्यापर्यंत भरलेली पितळी घागर. घंगाळांतील बरेंच पाणी जमिनीवर सांडलेलें होतें. घागरींतलें मात्र चूळभरहि गेलें नव्हतें. परसांतील आडाचें पाणी गढूळ होऊन गेलें होतें आणि आळींतला नळ पुढें दोन दिवस कोरडा होता. त्या दोन दिवसांत आजीनें घागरींतलें पाणी वाटीवाटीनें वांटलें. पहिली वाटी पाळण्यांतल्या माझ्या धाकट्या भावाला मिळाली आणि शेवटची तिनें स्वतः घेतली. घागर कां वांचली आणि घंगाळ कां सांडलें, हें तिला ठाऊक नव्हतें. खरें सांगावयाचें तर मलाहि साठी उलटेपर्यंत तें ठाऊक नव्हतें.

तें कळण्याचा योग गेल्या उन्हाळ्यांत आला. वाड्यांत आतां तीन बिऱ्हाडें आहेत आणि एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढ लागते. तेव्हां परसांत पंचवीस हजार लिटरांची एक लोखंडी टाकी बसवावी असें ठरलें. माझे थोरले बंधु, ज्यांना घरांत आबालवृद्ध ‘दादा’ म्हणतात, त्यांनीं कंत्राटदाराकडून आराखडा करून आणला. अडीच मीटर व्यासाची, पांच मीटरांहून थोडी अधिक उंच, एखाद्या भल्या मोठ्या डब्यासारखी टाकी. जागा थोडी लागेल, पारिजातकास धक्का लागणार नाहीं आणि उंचीमुळें नळास जोर येईल, असा दादांचा तिहेरी हिशेब होता. तो अगदींच वावगा होता असें नाहीं.

दादांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, स्थापत्यशास्त्र शिकलेला आहे. तो सुटींत घरीं आला होता. आराखडा पाहून तो इतकेंच म्हणाला, “दादा, ही टाकी येथें बसवूं नये असें मला वाटतें.”

“कां बरें?” दादांनीं चष्मा कपाळावर चढविला. “पाणी म्हणजे कांहीं तोफेचा गोळा नव्हे. भांड्यांत ओतलें कीं भांड्याच्या आकारानें उगीच राहतें.”

“जमीन उगी असेल तोंपर्यंत राहतें, दादा. ही कोयनेची जमीन आहे.”

दादा कांहींच बोलले नाहींत. १९६७ सालीं ते चौदा वर्षांचे होते.

त्या सायंकाळीं पुतण्यानें वहिनींकडून एक परात आणि एक उभा डबा मागून घेतला. दोहोंत सारखेंच पाणी ओतलें, दोन्हीं भांडीं एका पाटावर ठेवलीं आणि पाट फरशीवरून पुढें-मागें सरकविण्यास आरंभ केला. प्रथम भराभर लहान लहान हिसके दिले. डब्यांतील पाणी जणूं गोठल्यासारखें डब्याबरोबरच हाललें आणि डबा दोन वेळां कलंडतां कलंडतां राहिला. परातींत निराळाच प्रकार दिसला. पृष्ठभाग जवळजवळ जागच्या जागीं थरथरत राहिला. जणूं खालून परात सरकत होती आणि वरच्या पाण्यास त्याचें सोयरसुतक नव्हतें. मग त्यानें हात सावकाश केला आणि परातींतील लाटेच्या तालावर पाट हालवूं लागला. चार-पांच हेलकाव्यांतच पाणी कांठावरून उसळून वहिनींच्या पदरावर आलें. “झालें का शास्त्र?” असें म्हणून त्या उठून गेल्या, परंतु दादा खालीं बसून परातीकडे पाहत राहिले.

या खेळांतील मर्म असें आहे. भांडें हादरतें तेव्हां त्यांतील पाणी एकजीव राहत नाहीं. वागणुकीच्या दृष्टीनें त्याचे दोन भाग पडतात. तळाकडील पाणी भिंतींत जखडल्यासारखें भांड्याबरोबर हालतें. त्याला आपण जखडलेलें पाणी म्हणूं. वरच्या अंगाचें पाणी मात्र मोकळें असतें आणि स्वतःच्या संथ तालावर हेलकावे खातें. जखडलेलें पाणी भिंतीस एखाद्या घट्ट बांधलेल्या ओझ्यासारखें हिसके देतें, तर मोकळें पाणी झोपाळ्याप्रमाणें झुलतें.

ही विभागणी सोप्या गणितांत बसविण्याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेंतील कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेचे प्राध्यापक जॉर्ज हाउस्नर यांचें आहे. तत्पूर्वी हॉस्किन्स व जेकबसेन यांनीं १९३४ सालीं कृत्रिम हादरे देऊन टाकींतील पाण्याचा दाब मोजला होता. हाउस्नर यांनीं १९५७ सालीं दाखवून दिलें कीं, पाण्याच्या सर्व गुंतागुंतीच्या हालचालींऐवजी दोनच वजनें कल्पावीं. एक भिंतीस पक्कें जोडलेलें आणि दुसरें स्प्रिंगेस टांगलेलें. एवढ्यावर अभियंत्याचें काम भागतें. १९६० सालच्या चिली देशांतील भूकंपांत अनेक मोठ्या उंच जलटाक्या मोडल्या आणि अनेक अभंग राहिल्या. त्या कोड्याचा विचार करतांना १९६३ सालीं त्यांनीं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. बंद टाकी पूर्ण भरलेली असेल किंवा पूर्ण रिकामी असेल, तर ती एकाच वजनासारखी वागते. पाण्यास मोकळा पृष्ठभाग मिळाला कीं दुसरें वजन उत्पन्न होतें.

कोणता भाग किती, हें पाण्याची खोली आणि भांड्याचा व्यास यांच्या प्रमाणावर ठरतें. पुतण्यानें दादांपुढें दोन टाक्यांचा हिशेब मांडला. दोहोंत पाणी तेवढेंच, पंचवीस हजार लिटर, म्हणजे सुमारें पंचवीस टन. दादांच्या उंच टाकींत खोली व्यासाच्या दुप्पट. तींतील शेकडा ९४ पाणी जखडलेलें निघालें. हें वजन भिंतीस जणूं तळापासून २.३ मीटर उंचीवर धक्का देतें. तेंच पाणी चार मीटर व्यासाच्या आणि दोन मीटर खोलीच्या बसक्या टाकींत घातलें, तर शेकडा ५४ जखडलेलें व सुमारें ४४ मोकळें होतें आणि जखडलेल्या पाण्याचा धक्का अवघ्या पाऊण मीटर उंचीवर बसतो. धक्क्याचा जोर व त्याची उंची यांचा गुणाकार केला, तर सारख्याच हादऱ्यांत उंच टाकीस उलथविणारा जोर बसक्या टाकीच्या पांचपटींहून अधिक होतो. त्यांतच उंच टाकीचा पाया अरुंद. पत्र्याची जाडी तीच ठेवली, तर त्या जोरामुळें तळाशीं एका बाजूस पडणारा दाब तेरा-चौदापट भरतो.

“तेरापट?” दादांनीं विचारलें.

“तेरापट,” पुतण्या म्हणाला. “आणि पत्रा मोडतो तो तेथेंच.”

मोडण्याची ही तऱ्हा भूकंपशास्त्रांत प्रसिद्ध आहे. टाकी एका बाजूस झुकली कीं त्या बाजूच्या पत्र्यावर वरून दाब येतो. आंतून पाणी त्याला बाहेर लोटीत असतेंच. दोहोंच्या कात्रींत सांपडून तळाजवळचा पत्रा सर्व बाजूंनीं फुगून येतो आणि टाकीचें बूड हत्तीच्या पावलासारखें दिसूं लागतें. म्हणून त्या विकृतीस ‘हत्तीचा पाय’ असेंच नांव पडलें आहे. २७ मार्च १९६४ च्या अलास्कांतील प्रचंड भूकंपांत अशा टाक्या आढळल्या. १९८० सालीं कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर येथें द्राक्षमद्याच्या पोलादी पिंपांचे असेच पाय सुजले. २०१० सालच्या चिलींतील भूकंपांत तर सुमारें साडेबारा कोटी लिटर द्राक्षमद्य वाहून गेलें असा अंदाज प्रसिद्ध झाला. त्या द्रव्याशीं आपणां वाचकांस कर्तव्य नसलें, तरी त्या जागीं गांवाचें पिण्याचें पाणी कल्पून पाहावें.

तर मग बसकी टाकी सर्वगुणसंपन्न समजावी काय? तसेंहि नाहीं, तिच्यांत मोकळें पाणी अधिक. प्रत्येक भांड्यांतील मोकळ्या पाण्याचा स्वतःचा ताल असतो आणि भांडें जितकें रुंद तितका तो संथ. आपल्या न्हाणीघरांतील बादलींतील पाणी एका सेकंदांत जवळजवळ दोन हेलकावे खातें. माणूसहि चालतांना सेकंदास सुमारें दोन पावलें टाकतो. ताल जुळला कीं पाणी उसळतें, म्हणूनच भरलेली बादली नेतांना मुलांच्या हातून सांडते. आमची आजी बादलीवर पळसाचें पान टाकीत असे आणि सांडणें कमी होई. पान लाटेची शक्ति खातें, एवढेंच त्यांतलें रहस्य.

चार मीटर व्यासाच्या टाकींत एका हेलकाव्यास दोन सेकंदांहून किंचित् अधिक वेळ लागतो. तेलाच्या कारखान्यांतील चाळीस-बेचाळीस मीटर व्यासाच्या टाकींत तो सात सेकंदांवर जातो. शिवाय ही लाट एकदां उठली कीं लवकर शमत नाहीं. पाण्याला आंतून घर्षण फार थोडें. तेव्हां लाटेची उंची निम्मी होण्यास सुमारें बावीस हेलकावे लागतात. सात सेकंदांच्या टाकींत भूकंप थांबल्यावरहि अडीच मिनिटें लाट निम्मीसुद्धां होत नाहीं.

जमिनीचे जवळचे हादरे बहुधा भराभर येतात. ते मोकळ्या पाण्यास फारसे हालवीत नाहींत. दूरवरच्या मोठ्या भूकंपाच्या लाटा मात्र संथ असतात आणि पाण्याच्या तालाशीं तेवढ्याच जुळतात. १५ ऑगस्ट १९५० रोजीं आसामांत झालेल्या भूकंपानें थेट नॉर्वेच्या खाड्यांतील व इंग्लंडांतील जलाशयांतील पाणी हेलकावूं लागलें होतें. तेथील माणसांच्या पायांखालची जमीन हालल्याचें मात्र त्यांना कळलेंहि नाहीं. जपानांत २६ सप्टेंबर २००३ च्या तोकाची भूकंपांत हाच प्रकार भयंकर रूपानें घडला. भूकंपाचें केंद्र दोनशें किलोमीटरांहून दूर असतांना तोमाकोमाई येथील तेलाच्या टाक्यांत लाटा उठल्या, तेलावर तरंगणारीं छपरें आपटलीं व फाटलीं, आणि एका टाकीनें लगेच, तर दुसरीनें दोन दिवसांनीं पेट घेतला. त्यापूर्वी १९६४ सालीं निइगाता येथेंहि तेलाच्या टाक्या पेटल्या होत्या व ती आग सुमारें पंधरवडाभर धुमसत होती.

आग म्हटली कीं पुन्हां पाण्याचा प्रश्न येतो. १९०६ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहराची हानि भूकंपापेक्षां त्यानंतरच्या आगीनें अधिक झाली. जमिनींतले नळ फुटल्यामुळें बंबांना पाणी मिळालें नाहीं. तुर्कस्तानांत १७ ऑगस्ट १९९९ रोजीं इझ्मितच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत आग लागली, तेव्हां सपांजा सरोवरावरून येणारी जलवाहिनी जागोजाग फुटलेली होती. भूकंपानंतर पाण्याचें एक भांडें अभंग राहणें म्हणजे काय, हें आमच्या आजीप्रमाणें त्या शहरांनाहि उमगलें असेल.

आपल्या देशांत या विषयाकडे लक्ष उशिरां गेलें. भारतीय मानक क्रमांक १८९३ हें भूकंपविषयक मानक १९६२ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. परंतु १९८४ च्या आवृत्तींतहि नियम होते ते केवळ खांबांवरील उंच टाक्यांसाठीं, आणि तेथेंहि सर्व पाणी एकच वजन मानलेलें. जमिनीवर बसलेल्या टाकीस जणूं भूकंप ठाऊकच नव्हता. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेनें गुजरात राज्याच्या आपत्तिव्यवस्थापन प्राधिकरणासाठीं मार्गदर्शिका तयार केल्या. त्यांपैकीं टाक्यांविषयींची मार्गदर्शिका कानपूरचे सुधीर जैन आणि आपल्या नागपूरचे ओ. आर. जयस्वाल यांनीं लिहिली. पुढें २०१४ सालीं मानकाचा दुसरा भाग स्वतंत्रपणें निघाला. त्यांत जमिनीवरील टाक्यांस स्थान मिळालें आणि पाण्याच्या दोन भागांचा हिशेबहि मान्य झाला. पुतण्यानें आमच्या परसांतील टाकीचें गणित याच रीतीनें केलें होतें.

त्या गणितांतून आणखी एक आंकडा निघाला. बसक्या टाकींत लाट सुमारें ४० सेंटिमीटर, म्हणजे हातभरास थोडी कमी, चढूं शकेल. तेव्हां दोन मीटर पाण्यासाठीं भिंत दोन मीटरांची करून चालणार नाहीं. वरतीं तेवढी मोकळी जागा ठेवली पाहिजे. नाहीं तर लाट झांकणास खालून गुद्दा मारते आणि झांकण उचकटतें.

दादांनीं सर्व ऐकून घेतलें. मग त्यांनीं एकच प्रश्न विचारला. “हें सारें खरें. पण आजीची घागर कां सांडली नाहीं, तें सांग.”

पुतण्यानें ती घागर पाहिलेली नव्हती, पण उत्तर त्याच्याजवळ होतें. “गळ्यापर्यंत भरलेली होती ना? मग पाण्यास मोकळा पृष्ठभाग वाटीएवढाच उरला. हेलकावायला जागाच नाहीं. घंगाळाला हातभर रुंद पृष्ठभाग मिळाला. परंतु दादा, एवढ्यावरून उंच टाकी गच्च भरून झांकली कीं झालें, असें समजूं नये. घागरीचें सारें पाणी जखडलेलें होतें, म्हणजे सारा धक्का घागरीनेंच सोसला. ती उलथली नाहीं याचें कारण तिचें पोट खालीं आणि बूड चुंबळींत धरलेलें. आजीनें चुंबळ दिली नसती, तर घागर गडगडत गेली असती.”

दादा बराच वेळ परसाच्या दारांत उभे होते. चार मीटर व्यासाची टाकी बसवावयाची, तर पारिजातक जाणार हें उघड होतें. तो आजीच्या हातचा. दुसरे दिवशीं सकाळीं त्यांनीं स्वतः त्याच्या तीन फांद्या काढून आडाजवळ लाविल्या आणि कंत्राटदारास निरोप धाडला कीं, आराखडा बदलावा. नळास जोर कमी पडेल त्यासाठीं एक लहान पंप घेतला. खर्च थोडा वाढला. फांद्यांपैकीं एक जगली आहे.

असो. आमच्या घरचें पुराण सांगण्याचा हेतु एवढाच कीं, टाकी आज प्रत्येक घरीं आहे. तेव्हां वाचकांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत धराव्या.

जागा असेल तेथें टाकी उंच करण्यापेक्षां बसकी करावी. ती विटांच्या सुट्या चवड्यांवर कधींहि ठेवूं नये. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. हादऱ्यांत विटा निसटल्या कीं टाकी गेलीच. गच्चीवर तर हा धोका अधिक, कारण भूकंपांत इमारतीचा माथा जमिनीपेक्षां बहुधा जास्त हालतो. टाकीचें बूड सपाट व अखंड बैठकीवर असावें आणि मोठी लोखंडी टाकी पायाच्या काँक्रीटमध्यें पक्क्या बोल्टांनीं धरलेली असावी. ही तिची चुंबळ. वरतीं हिशेबाप्रमाणें मोकळी जागा सोडावी.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे टाकीस जोडलेला नळ ताठ असूं नये. टाकी दोन बोटें सरकली वा तिचें बूड किंचित् उचललें गेलें, तरी ताठ नळ सांध्यांत मोडतो आणि अभंग टाकी त्या भोंकावाटे रिकामी होते. म्हणून सांध्यापाशीं लवचीक तुकडा बसवावा आणि टाकीच्या अगदीं लगत एक झडप ठेवावी. ती कोठें आहे व कोणत्या बाजूस फिरवावयाची, हें घरांतील मुलांबाळांसहि ठाऊक असावें. ज्यांची टाकी सार्वजनिक किंवा गृहनिर्माण संस्थेची आहे, त्यांनीं पुढील सभेंत हे प्रश्न अवश्य विचारावे. रंगाच्या छटेवर तासभर वाद होतो. पाण्याच्या सांध्यासाठीं पांच मिनिटें निघण्यास हरकत नसावी.

आमच्या टाकीचें काम पुरें झालें त्या दिवशीं दादांनीं झडप बंद करून आणि उघडून घरांतील प्रत्येकाकडून वदवून घेतलें. वहिनींनीं तर माळ्यावरची ती जुनी घागर उतरवून, घांसून, मोरींत चुंबळीवर ठेवली आहे. रोज रात्रीं ती गळ्यापर्यंत भरली जाते.